एस. ए. अय्यर

सुब्बियर अप्पादुराई अय्यर (१८९८–१९८०) हे भारतीय पत्रकार, लेखक आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सरकारचे प्रसिद्धी व प्रचारमंत्री होते. एस. ए. अय्यर या नावाने ते ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियातील आझाद हिंद चळवळीची वृत्तपत्रे, नभोवाणीवरील कार्यक्रम, पत्रके आणि जाहीर सभा यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. ऑगस्ट १९४५ मध्ये नेताजींच्या मृत्यूची वार्ता जगाला कळवणारे निवेदन तयार करण्यात त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या लाल किल्ल्यातील खटल्यात त्यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुंबई राज्याच्या प्रसिद्धी खात्याचे संचालक म्हणून काम केले.

पार्श्वभूमी

अय्यर हे तमिळभाषक होते. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे खास प्रतिनिधी म्हणून नोव्हेंबर १९४० मध्ये ते थायलंडची राजधानी बँकॉक येथे गेले. युरोपात युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते आणि जपानच्या हालचालींमुळे आग्नेय आशियाकडे जगाचे लक्ष लागले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला व त्याचे सैन्य थायलंडमध्ये आले. अय्यर यांनी ब्रह्मदेशमार्गे भारतात परतण्याचा प्रयत्न केला. परंतु सरहद्दीवरूनच त्यांना मागे फिरावे लागले. ब्रिटिश वृत्तसंस्थेचा प्रतिनिधी असलेला हा पत्रकार अशा रीतीने जपानच्या प्रभावक्षेत्रात अडकून पडला.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, तेथील फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार भारतीय युद्धकैदी जपानी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांच्यापैकी इच्छुकांतून कॅप्टन मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. नागरी बाजूने ज्येष्ठ क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या पुढाकाराने इंडियन इंडिपेंडन्स लीग ही संघटना आग्नेय आशियातील भारतीयांना एकत्र आणू लागली. जून १९४२ मध्ये बँकॉक येथे लीगची मोठी परिषद भरली. अय्यर लीगच्या कार्यात सामील झाले आणि प्रसिद्धी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी अधिकाऱ्यांशी झालेल्या मतभेदांमुळे मोहनसिंग यांनी सेना विसर्जित केली आणि त्यांना अटक झाली. चळवळ विस्कळीत झाली. या पडत्या काळातही लीगचे कार्य रासबिहारी बोस यांनी टिकवून धरले.

आझाद हिंद सरकारमधील मंत्रिपद

जर्मनीहून पाणबुडीने प्रवास करून सुभाषचंद्र बोस १९४३ मध्ये पूर्व आशियात आले. ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे सभागृहात रासबिहारी बोस यांनी लीगचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवले. दुसऱ्या दिवशी नगरभवनासमोरील मैदानावर नेताजींनी सेनेची पाहणी केली व चलो दिल्ली ही घोषणा सैनिकांना दिली.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी याच कॅथे सभागृहात आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. सरकारच्या जाहीरनाम्याचा मसुदा नेताजींनी आदल्या दिवसांत एका रात्रीच्या बैठकीत पेन्सिलीने लिहिला. लिहून होईल तसतसा एकेक कागद बाहेरच्या खोलीत जाई आणि तेथे अय्यर तो टंकलिखित करीत. नव्या मंत्रिमंडळात नेताजींकडे राष्ट्रप्रमुख व पंतप्रधान या पदांबरोबरच युद्ध व परराष्ट्र ही खाती होती. कॅप्टन लक्ष्मी यांच्याकडे महिला संघटन, ए. सी. चटर्जी यांच्याकडे अर्थ आणि अय्यर यांच्याकडे प्रसिद्धी व प्रचार खाते देण्यात आले. सेनेच्या प्रतिनिधींमध्ये मूळचे सावंतवाडी परिसरातील जगन्नाथराव भोसले यांचा समावेश होता. जपान, जर्मनी, थायलंड, ब्रह्मदेश, फिलिपाईन्स यांसह नऊ सरकारांनी या सरकारला मान्यता दिली. सरकारने ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले.

प्रसिद्धी खात्याचे कार्य

अय्यर यांच्या खात्यासमोर तीन निरनिराळे श्रोतृवर्ग होते. पहिला वर्ग सेनेतील सैनिकांचा. त्यांतील बरेचसे पूर्वी ब्रिटिश हिंदी लष्करात होते आणि ब्रिटिश राजसत्तेशी घेतलेली निष्ठेची शपथ मोडून ते या सेनेत आले होते. आपण कोणासाठी लढत आहोत, याविषयी त्यांच्या मनात शंका राहू न देणे आवश्यक होते. दुसरा वर्ग मलाया, ब्रह्मदेश, थायलंड येथील भारतीयांचा. त्यात चेट्टियार सावकार, गुजराती व्यापारी, कारकून, रबराच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर असे अनेक थर होते. सेनेसाठी पैसा, धान्य, कपडे आणि नवे सैनिक यांच्याकडूनच मिळायचे होते. तिसरा वर्ग भारतातील जनतेचा. तिच्यापर्यंत पोहोचण्यास नभोवाणीखेरीज मार्ग नव्हता.

भाषेचा प्रश्न या कार्यात सर्वांत अवघड होता. सेनेची व्यवहारभाषा रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्थानी अशी ठरली. नागरी व फारसी या लिप्यांचा वाद त्यामुळे टळला. मलायातील मजुरांना मात्र तमिळखेरीज दुसरी भाषा कळत नव्हती. त्यामुळे चळवळीची नियतकालिके इंग्रजी, रोमन हिंदुस्थानी आणि तमिळ यांसह अनेक भाषांत निघत आणि नेताजींच्या हिंदुस्थानी भाषणांचे सभेतच तमिळ रूपांतर केले जाई.

नभोवाणी हे दूरवर पोहोचणारे एकमेव साधन होते. सिंगापूर आणि पुढे रंगून येथून भारतासाठी कार्यक्रम प्रक्षेपित होत. ६ जुलै १९४४ रोजी रंगूनहून नेताजींनी महात्मा गांधींना उद्देशून केलेले भाषण याच मालिकेतील होते. गांधीजींची नुकतीच कारावासातून सुटका झाली होती. जपानची मदत का घेतली, याचे स्पष्टीकरण त्या भाषणात होते आणि गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधून त्यांचे आशीर्वाद मागितले होते. भारतात मात्र शत्रूची केंद्रे ऐकणे धोक्याचे होते. सेनेविषयीच्या वार्तांवर ब्रिटिश सरकारने कडक नियंत्रण ठेवले होते. ब्रिटिश लष्करी प्रचारात या सैनिकांचा उल्लेख जपान्यांचे हस्तक असा केला जात असे. परिणामी ज्या देशासाठी ही सेना उभी राहिली, त्या देशातील बहुसंख्य लोकांना युद्ध संपेपर्यंत तिच्याविषयी फारच थोडे ठाऊक होते.

जाहीर समारंभ

आझाद हिंद चळवळीत जाहीर समारंभांना विशेष महत्त्व होते. सरकारजवळ स्वतःचा भूप्रदेश जवळजवळ नव्हता. त्यामुळे राज्यसत्तेची जाणीव ध्वजवंदन, संचलन, शपथविधी आणि सभा यांच्या द्वारेच लोकांना होत असे. २६ सप्टेंबर १९४३ रोजी रंगून येथे शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर याच्या कबरीपाशी लष्करी मानवंदना देण्यात आली. १८५७ चा उठाव आणि नवी सेना यांचा दुवा त्यातून जोडला गेला. जानेवारी १९४४ मध्ये सरकारचे मुख्यालय रंगूनला हलले. नेताजींनी नेतृत्व स्वीकारल्याच्या घटनेस वर्ष झाले, तेव्हा जुलै १९४४ मध्ये नेताजी सप्ताह साजरा झाला.

निधिसंकलनाचे समारंभही असेच भव्य असत. सभेत नेताजींच्या गळ्यात पडलेल्या हारांचा लिलाव होई आणि त्यासाठी व्यापारी मोठमोठ्या रकमा देत. स्त्रिया अंगावरचे दागिने काढून देत. २३ जानेवारी १९४५ रोजी, नेताजींच्या वाढदिवशी, रंगूनमध्ये त्यांची सुवर्णतुला झाली. लीगच्या सभासदांकडून सरकारशी निष्ठेची लेखी शपथ घेतली जाई. अय्यर यांनी पुढे न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार जून १९४४ पर्यंत एकट्या मलायात २ लाख ३० हजारांहून अधिक व्यक्तींनी अशी शपथ घेतली होती. भावना जागवणाऱ्या या सोहळ्यांमागे नोंदींची यंत्रणा होती आणि युद्धानंतर त्याच नोंदी बचावाच्या कामी आल्या.

प्रचार आणि वास्तव

या प्रचाराला वास्तवाच्या कठोर मर्यादा होत्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियो येथील परिषदेत अंदमान व निकोबार बेटे आझाद हिंद सरकारकडे सोपवण्याची घोषणा जपानने केली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकावला आणि बेटांना शहीद व स्वराज ही नावे देण्यात आली. हा समारंभ चळवळीच्या प्रसिद्धीत अग्रभागी राहिला. प्रत्यक्षात बेटांवरील सत्ता जपानी नौदलाच्या हातीच होती. समारंभानंतर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी, हम्फ्रीगंज येथे जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. त्यांत लीगचेच सभासद होते. सयाम–ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर मलायातील हजारो तमिळ मजूर मृत्युमुखी पडले, तेही जपानी अमलाखालीच. मित्रराष्ट्राच्या अशा कृत्यांविषयी उघडपणे बोलणे प्रसिद्धी खात्याला शक्य नव्हते.

युद्धाच्या वार्तांचीही हीच अडचण होती. मार्च १९४४ मध्ये इंफाळ मोहीम सुरू झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपुरातील मोइरांग येथे सेनेचा ध्वज फडकला. त्यामुळे रंगून व सिंगापूर येथे उत्साहाला उधाण आले. परंतु जुलैपर्यंत मोहीम फसली होती. रसद तुटली, पावसाळा कोसळला आणि भूक, हिवताप व आमांश यांनी सैनिकांचे बळी घेतले. विजयाची अपेक्षा वाढवलेल्या जनतेला माघार समजावून सांगण्याचे काम नेताजींना आणि त्यांच्या प्रसिद्धी खात्याला करावे लागले.

रंगूनहून माघार

२४ एप्रिल १९४५ रोजी नेताजींनी रंगून सोडले. त्यांच्याबरोबर झाशीची राणी पलटणीतील स्त्रिया, काही लष्करी अधिकारी आणि अय्यर होते. वरून शत्रूची विमाने हल्ले करीत होती, रस्ते चिखलाने भरले होते आणि नद्या ओलांडताना वाहने मागे सोडावी लागली. प्रवास मुख्यतः रात्री होई आणि बराचसा पायी करावा लागला. पलटणीतील स्त्रियांना सुरक्षित पोहोचवल्याशिवाय पुढे निघून जाण्यास नेताजींनी नकार दिला. सुमारे तीन आठवड्यांनी ही मंडळी बँकॉकला पोहोचली. या माघारीचे वर्णन हा अय्यर यांच्या पुढील लेखनातील महत्त्वाचा भाग आहे.

जून १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी नवी योजना मांडून सिमला येथे परिषद बोलावली. योजना स्वीकारू नये, असे आवाहन करणारी नेताजींची भाषणे सिंगापूर केंद्रावरून ओळीने प्रक्षेपित झाली. ८ जुलै १९४५ रोजी सिंगापूरच्या समुद्रकिनाऱ्यावर सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाचा पाया घातला गेला. ब्रिटिश सैन्य परतल्यावर सप्टेंबरमध्ये हे स्मारक सुरुंगाने उडवून देण्यात आले.

ऑगस्ट १९४५

जपानने शरणागती पत्करल्यावर नेताजी १६ ऑगस्टला सिंगापूरहून बँकॉकला आणि १७ ऑगस्टला सायगावला गेले. अय्यर त्यांच्या निवडक सहकाऱ्यांत होते. सायगावहून पुढे जाणाऱ्या जपानी विमानात नेताजींखेरीज एकाच भारतीयाला जागा मिळाली आणि कर्नल हबीबुर रहमान त्यांच्याबरोबर गेले. अय्यर मागे राहिले. १८ ऑगस्ट रोजी फोर्मोसा बेटावरील तैहोकू येथे विमानाला अपघात झाला.

अपघाताची व नेताजींच्या निधनाची वार्ता जपानी अधिकाऱ्यांनी अय्यर यांना सायगाव येथे सांगितली. त्यांचा त्यावर लगेच विश्वास बसला नाही. भारतीय जनता केवळ शब्दावर ही गोष्ट मानणार नाही, ठोस पुरावा लागेल, असे त्यांनी बजावले आणि आपल्याला तैहोकूला न्यावे असा आग्रह धरला. त्यांना विमानाने नेण्यात आले. पण ते तैहोकूला न पोहोचता टोकियोला पोहोचले. तेथे मृत्युवार्तेच्या निवेदनाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवण्यात आला आणि त्याला अंतिम रूप देण्यात त्यांनी भाग घेतला. २३ ऑगस्ट १९४५ रोजी जपानी वृत्तसंस्थेमार्फत ती वार्ता जाहीर झाली. स्वतः न पाहिलेल्या घटनेची वार्ता, तीही आपल्याच नेत्याच्या मृत्यूची, शब्दबद्ध करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला.

सप्टेंबरमध्ये भाजलेल्या हातांनिशी हबीबुर रहमान टोकियोत आले. अय्यर यांनी त्यांच्याकडून सर्व हकीकत तपशिलाने विचारून घेतली आणि त्यानंतर त्यांची खात्री पटली. नेताजींच्या म्हणून आणलेल्या अस्थी टोकियोतील रेन्कोजी मंदिरात ठेवण्यात आल्या. अपघाताविषयीचा हा निष्कर्ष अय्यर यांनी अखेरपर्यंत मानला. १९५६ मध्ये शाहनवाझ समितीपुढेही त्यांनी साक्ष दिली. समितीच्या बहुमताने अपघातात मृत्यू झाल्याचा निर्णय दिला. नेताजींचे बंधू सुरेशचंद्र बोस यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. पुढे न्यायमूर्ती मुखर्जी आयोगाने अपघाताची हकीकत अमान्य केली, पण २००६ मध्ये केंद्र सरकारने त्या आयोगाचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत.

लाल किल्ल्यातील साक्ष

५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवरील लष्करी खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख असे हे तीन आरोपी होते. बचावाचे नेतृत्व मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई यांच्याकडे होते. आझाद हिंद हे रीतसर स्थापन झालेले सरकार होते, त्याला युद्ध पुकारण्याचा अधिकार होता आणि आरोपी त्या सरकारच्या संघटित सेनेचे अधिकारी होते, असा बचावाचा मुख्य मुद्दा होता.

हा मुद्दा सिद्ध करण्यासाठी सरकारच्या कारभाराची प्रत्यक्ष माहिती असलेला नागरी साक्षीदार हवा होता. त्यासाठी अय्यर यांना टोकियोहून दिल्लीला आणण्यात आले. डिसेंबरमध्ये जपानी अधिकाऱ्यांपाठोपाठ त्यांची साक्ष झाली. सरकारची स्थापना, मंत्र्यांची खाती, निष्ठेच्या शपथा, लोकांच्या देणग्या आणि सेनाभरतीचे ऐच्छिक स्वरूप यांविषयी त्यांनी माहिती दिली. १९४३ च्या दुष्काळात बंगालला एक लाख टन तांदूळ पाठवण्याची तयारी नेताजींनी नभोवाणीवरून दर्शवली होती, हेही त्यांनी सांगितले.

खटल्याचा वृत्तांत देशभरातील वृत्तपत्रांत रोज छापून येत होता. युद्धाच्या तीन वर्षांत नियंत्रणामुळे जी हकीकत भारतात पोहोचू शकली नव्हती, ती आता ब्रिटिशांच्याच न्यायालयातून घरोघर पोहोचली. तिघांनाही जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. परंतु ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. बडतर्फी व वेतनजप्ती कायम राहिली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव झाला, तेव्हा आझाद हिंद सैनिकांची मुक्तता ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती.

उत्तरायुष्य आणि लेखन

स्वातंत्र्यानंतर अय्यर मुंबईत स्थायिक झाले व मुंबई राज्य सरकारच्या प्रसिद्धी खात्याचे संचालक झाले. त्या वेळच्या मुंबई राज्यात मराठी व गुजराती भाषकांचे मोठे प्रदेश होते. नेताजींविषयीच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक अन्टू हिम अ विटनेस हे १९५१ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले. आझाद हिंद सेनेच्या इतिहासावरही त्यांनी पुस्तक लिहिले आणि नेताजींच्या निवडक भाषणांच्या संग्रहाला चरित्रात्मक प्रस्तावना लिहिली.

१९५१ मध्येच ते टोकियोला जाऊन आले. आझाद हिंद सरकारच्या मौल्यवान चीजवस्तूंपैकी जो भाग अपघातानंतर टोकियोत पोहोचला होता, त्याविषयीचे वृत्त त्यांनी भारत सरकारला दिले. टोकियोतील तत्कालीन भारतीय प्रतिनिधींनी या चीजवस्तूंच्या हिशेबाविषयी शंका व्यक्त करताना अय्यर यांच्याही नावाचा उल्लेख केला होता. हा पत्रव्यवहार पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांत आहे. त्यांच्याविरुद्ध कोणताही आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

अय्यर यांच्या लेखनात नेताजींविषयीची भक्ती स्पष्ट दिसते. त्यामुळे जपानी राजवटीचे कठोर परीक्षण त्यात फारसे आढळत नाही, ही मर्यादा लक्षात घेऊनच अभ्यासक त्याचा उपयोग करतात. तरीही पूर्व आशियातील नेताजींच्या दोन वर्षांच्या दैनंदिन कार्याविषयी, रंगूनच्या माघारीविषयी आणि सायगावच्या अखेरच्या दिवसाविषयी ते प्रथम दर्जाचे साधन मानले जाते. त्यांच्या प्रसिद्धी खात्याची युद्धकाळातील मोहीम भारतात फारशी पोहोचू शकली नाही. लोकांनी जे ऐकले ते मुख्यतः लाल किल्ल्यातील साक्षीपुराव्यातून. तेथे प्रचारमंत्री अय्यर यांना शपथेवर आणि उलटतपासणीला तोंड देत बोलावे लागले आणि आझाद हिंद सेनेच्या प्रसिद्धीत त्यांचा सर्वांत परिणामकारक वाटा त्याच साक्षीचा ठरला.